चौथ्या बाकावरची बाटली

पद्माक्का,

आज तुमचा तेरावा झाला. तुमच्याकडे त्याला शुभस्वीकार म्हणतात. त्या दिवशी गोड करायचं आणि आलेल्यांनी रडायचं नाही, असं तुमच्या सुधाने मला दारातच सांगितलं. मी रडले नाही. पोळी खाल्ली, डांगराची पच्चडी दोनदा मागून घेतली. वेस्ट मांबलमच्या तुमच्या त्या दोन खोल्यांत तंजावरहून आलेली सगळी माणसं दाटीवाटीने बसली होती, आणि त्यातल्या एकालाही माहीत नव्हतं की गेले दोन महिने तुम्ही आणि मी कशाला भीत होतो. सुधा म्हणाली, "अम्मा झोपायचीच नाही अलीकडे. परीक्षेचं एवढं काय टेन्शन होतं गं?" मी पानातल्या मिठाकडे बघत राहिले.

ते टेन्शन मी होते, अक्का. हे तुम्हाला कुणी सांगायला नको, पण मला कुणाला तरी सांगायलाच हवं, आणि तुमच्याइतकं शांतपणे ऐकून घेणारं या गावात मला दुसरं कोण आहे? नवरा आहे, पण हेमंत सकाळी सातला ऑफिसच्या सिरुसेरीच्या बसमध्ये बसतो तो रात्री येतो. त्याला मी परवा सगळं सांगितलं. तो घाबरला. मग घाबरल्याचा राग त्याने माझ्यावर काढला, आणि ते बरोबरच होतं.

गेल्या जूनमध्ये साताऱ्याहून आलेली मी, तमिळचं एक अक्षर येत नाही, आणि नववीला रसायनशास्त्र शिकवायचं. पहिल्या दिवशी स्टाफरूममध्ये तुम्ही माझं मंगळसूत्र बघितलंत आणि म्हणालात, "मराठी का गे तूं? बस. घाबरूं नको. ह्या पोरांस इंग्रजी कळतें, फक्त येतें म्हणून दाखवत नाहीत." मला हसू आलं आणि रडूही. तुमची ती तंजावरची मराठी ऐकून मला एखाद्या जुन्या पत्रातलं माणूस बोलायला लागल्यासारखं वाटायचं. तुम्हाला माझी मराठी कच्ची वाटायची. "तुम्ही लोक फार घाईत बोलतां," असं म्हणायचात. तुम्हाला अक्का म्हणायला मी कधी लागले ते आठवत नाही. मुलं तुम्हाला पद्मा मिस म्हणत, आपल्या मुख्याध्यापिका, एचेम मॅडम, 'मिसेस राव' म्हणत, आणि आपल्या प्रयोगशाळेतली अटेंडर सेल्वी नुसतं 'अम्मा'.

पदार्थांचं वर्गीकरण हा धडा तुम्ही कसा शिकवता ते बघायला मी मागच्या बाकावर बसले होते. पुस्तक तुम्ही उघडलंच नाही. घरातून एव्हरसिल्व्हरचे, म्हणजे आमच्याकडच्या स्टीलचे, दहाबारा डबे आणले होते. मीठ, साखर, खायचा सोडा, तांब्याची पळी, कापूर, रसम, काफीची पूड, हळद. वर्गातली चार बाकं पुढे ओढली. पहिल्यावर मूलद्रव्यं, दुसऱ्यावर संयुगं, तिसऱ्यावर मिश्रणं. मुलांनी एकेक डबा उचलून योग्य बाकावर ठेवायचा. मग मुलं चौथ्या बाकाकडे बघायला लागली. तुम्ही त्यावर खडूने लिहिलंत, तेरियादु. माहीत नाही.

"ज्या गटाचं हें बाक रिकामं, त्या गटाला मार्क नाहीत," असं तुम्ही इंग्रजीत सांगितलंत. एक हुशार मुलगी उठून म्हणाली की पण मिस, आम्हाला सगळं येतं. तुम्ही तिला हळदीचा डबा दिलात. हळद काय आहे? एकच पदार्थ की अनेक? डोळ्यांनी कळतं का? ती बराच वेळ हळदीकडे बघत राहिली आणि शेवटी तिने डबा चौथ्या बाकावर ठेवला. तुम्ही तिची पाठ थोपटलीत.

तास संपल्यावर मी तुमच्याशी भांडले होते. मुलांचा गोंधळ होतो म्हणाले. शिक्षकाने ठाम असायला हवं म्हणाले. तुम्ही फिल्टरमधली काफी पेल्यात ओतत म्हणालात, "ठाम काय दगडही असतो." मग आपला दुसरा वाद निघाला, तुमच्या काफीवरून. मी म्हणायचे की हे डिकॉक्शन म्हणजे द्रावण, सगळीकडे सारखं. तुम्ही म्हणायचात, संध्याकाळपर्यंत ठेव आणि तळाशी बघ. त्यात चिकोरी किती हेही तुम्ही मला कधी खरं सांगितलं नाहीत. रोज वेगळा आकडा सांगायचात. तो वाद तसाच राहिला. खरं तर तो राहिला याचं मला बरं वाटतं, कारण त्यानंतरचा जो राहिला तो फार वाईट होता.

फेब्रुवारीत दहावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेआधी तुम्ही मला मागचं कपाट लावायला सांगितलंत. त्याच्या खालच्या कप्प्यात जुन्या जीवशास्त्र विभागाच्या वस्तू होत्या, धुळीने माखलेल्या काचपट्ट्या, वाळलेल्या बेडकांच्या बरण्या. त्यांच्या मागे एक लहान तपकिरी बाटली सापडली. लेबल कसरीने खाल्लेलं. आत पिवळे खडे, एकमेकांना चिकटून बसलेले. पिवळं म्हणजे गंधक, असं माझ्या डोक्याने एका क्षणात ठरवून टाकलं. चौथं बाक मला आठवलंसुद्धा नाही. मी नवीन लेबल केलं, सुवाच्य अक्षरात 'सल्फर' लिहिलं, आणि बाटली पहिल्या फळीवर, मूलद्रव्यांमध्ये, तांब्याच्या तारेच्या आणि लोखंडाच्या किसाच्या मधोमध ठेवली. त्याआधी खडे मोकळे व्हावेत म्हणून ती टेबलाच्या कडेवर दोनतीनदा आपटली. साखरेची बरणी आपटतो ना, तशी.

अकरा दिवस ती तिथे होती. रोज तीसतीस मुलं त्या कपाटासमोर उभी राहून सरावासाठी दिलेलं मीठ कोणतं ते ओळखत होती.

बाराव्या दिवशी सकाळी पहिल्या गटाचा सराव चालू होता. तुम्ही लिटमसचा कागद घ्यायला कपाट उघडलंत आणि तुमचा हात मधेच थांबला. मी बाजूलाच होते. तुमच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी पहिल्यांदाच बघितला. तुम्ही ओरडला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही अगदी हळू, आपल्या भाषेत, मुलांना कळू नये म्हणून म्हणालात, "वृषा, पाऊल मागें घे. कपाटाला धक्का लावूं नको. ही कोठून काढलीस?"

मी सांगितलं.

"उघडलीस का?"

"नाही. फक्त आपटली."

तुम्ही डोळे मिटलेत. मग मुलांकडे वळून हसत म्हणालात की गॅसचा वास येतोय, सगळ्यांनी बाहेर, वह्या इथेच राहू देत, पळायचं नाही. मुलं खुशीत बाहेर गेली. सेल्वी परीक्षानळ्या विसळत होती, तिलाही तुम्ही बाहेर काढलंत. नंतर खोलीत आपण दोघीच. तुम्ही कपाटाचं दार असं लोटलंत, जणू आत तान्हं मूल झोपलंय, आणि कुलूप लावलंत.

व्हरांड्यात तुम्ही मला सांगितलंत. तीस वर्षांपूर्वी इथे एक जीवशास्त्राचे मास्तर होते. ऊती रंगवायला ते एक पिवळं आम्ल वापरायचे, पिक्रिक आम्ल. त्यांची बोटं कायम पिवळी असायची. ते नेहमी पाण्याखाली ठेवायचं असतं. ओलं असलं की गरीब गाय. वाळलं की नुसत्या घासण्याने, नुसत्या धक्क्याने फुटू शकतं, आणि मग खोली राहत नाही. "झाकणाच्या आट्यांत पिवळें दिसलें मला," तुम्ही म्हणालात. "कोणी झाकण फिरवलं असतं तर..." मी भिंतीला टेकून खाली बसले.

त्यानंतर मी जे केलं त्याची मला अजून लाज वाटते. तुम्ही एचेमना सांगायला निघालात. पोलिसांना बोलवावं लागेल, शाळा रिकामी करावी लागेल. मी तुमचा पदर धरला. खरोखर धरला. म्हणाले, अक्का, माझं प्रोबेशन आहे. जूनमध्ये कायम करणार आहेत. लेबलवर माझं अक्षर आहे. परीक्षा तोंडावर आहे, आईबाप गेटवर येतील, पेपरात येईल. हात दाखवून अवलक्षण कशाला? आणि मग सगळ्यात वाईट ते बोलले, "कदाचित ते खरंच गंधक असेल."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. "असूं शकतें," म्हणालात. "तुला ठाऊक आहे का?"

"नाही."

"मलाही नाहीं. ज्याचें नांव ठाऊक नाहीं, त्यास भ्यावें. तें खोटं नांव लावून शेजारी बसवूं नये."

पण तुम्ही थांबलात. अक्का, तुम्ही का थांबलात? काफीच्या बाबतीत तुम्ही माझं एक अक्षर कधी ऐकलं नाहीत, आणि इथे ऐकलंत. मला तुमचा याबद्दल राग आहे, आणि तुम्ही गेल्यापासून तो वाढतोच आहे. मोठ्या माणसाने अशा वेळी लहानाचं ऐकायचं नसतं. कदाचित तुम्हीही भ्यालात. ते कपाट तीस वर्षं तुमच्या ताब्यात होतं, आणि ती बाटली तीस वर्षं त्यात होती. रिटायर व्हायला दोन वर्षं राहिलेल्या बाईला 'तुमच्या कपाटात काय होतं?' असं कुणी विचारावं, हे तुम्हालाही नको होतं. आपण दोघींनी एकमेकींच्या भीतीवर पांघरूण घातलं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण आपल्या मुठीत काय होतं ते आपल्या दोघींनाच माहीत होतं.

ठरलं ते असं. प्रयोगशाळा बंद. छत गळतं म्हणून सांगायचं. परीक्षा फिजिक्सच्या खोलीत. एप्रिलच्या शेवटी मुलं सुट्टीवर गेली, शाळा रिकामी झाली की तुम्ही स्वतः जाऊन सांगणार. तोवर किल्ली तुमच्या कमरेला.

ते दोन महिने मला कसे गेले ते तुम्हाला माहीत आहे, कारण तुम्ही रोज माझ्याकडे बघून मान हलवायचात. 'परवायिल्ल' म्हणायचात, म्हणजे काही नाही, सगळं ठीक आहे. काही ठीक नव्हतं. वरच्या मजल्यावर सातवीचा वर्ग बाक ओढायचा आणि माझ्या तोंडचं पाणी पळायचं. मधल्या सुट्टीत मुलं त्या खोलीच्या भिंतीवर बॉल मारायची. मी जाऊन त्यांच्यावर एवढी खेकसायचे की त्यांनी माझं नाव काहीतरी तमिळमध्ये ठेवलं होतं. सेल्वीने मला त्याचा अर्थ सांगितला नाही. उन्हाळा चढत गेला. बाहेर एवढं तापतंय तर बंद खोलीत किती तापत असेल, हे मी शिकवता शिकवता मनात मोजायचे. घरी गॅस पेटवताना काडीचा आवाज झाला तरी दचकायचे. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, असं माझी आई म्हणायची. माझा ब्रह्मराक्षस तळहाताएवढ्या बाटलीत होता, आणि त्याच्या गळ्यात माझ्या सुंदर अक्षरातलं लेबल.

आणि या सगळ्यातही तुम्ही मला रोज दुपारी काफी दिलीत. एकदाही म्हणाला नाहीत की हे तुझ्यामुळे. स्टाफरूममध्ये कुणी छताचं विचारलं की तुम्हीच उत्तर द्यायचात, मला खोटं बोलावं लागू नये म्हणून. माझ्या नववीच्या पेपरात चूक होती ती तुम्ही गुपचूप पेन्सिलीने दुरुस्त केलीत. माझा वाढदिवस कुणाला माहीत नव्हता, तुम्ही साखरभात करून आणलात. म्हणालात, "संयुग हा शब्द तूं मला दिलास, म्हणून." तुमच्या घरच्या मराठीत तो शब्द नव्हता. तमिळमध्ये आणि इंग्रजीत तुम्ही आयुष्यभर शिकवलंत, आणि तो धडा आपल्या भाषेत कसा ऐकू येतो ते तुम्हाला साठाव्या वर्षाच्या आसपास कळलं. मूलद्रव्य, संयुग, मिश्रण असं तुम्ही जपासारखं म्हणत बसायचात. मी तुम्हाला एवढीच गोष्ट दिली. बाकी तुम्हाला काय दिलं ते सांगितलंच.

वार्षिक परीक्षा संपली त्या बुधवारी पहाटे तुम्ही गेलात. सुधाचा फोन आला तेव्हा माझ्या मनात पहिला विचार काय आला माहीत आहे? किल्ली. हे लिहायला मला फार जड जातंय, पण तुम्हाला खोटं सांगून काय उपयोग? आधी किल्ली, मग तुम्ही. नंतर बाथरूममध्ये जाऊन मी नळ सोडला आणि रडले.

दहाव्या दिवशी, शुक्रवारी, सुधाने मला किल्ल्यांचा जुडगा दिला. "शाळेच्या दिसतात. तूच दे त्यांना." तुमच्या कमरेचं घामाचे डाग पडलेलं कापड त्याला अजून बांधलेलं होतं. मी घरी पोचते न पोचते तोच एचेम मॅडमचा फोन आला. "मिस, राव मॅडमच्या किल्ल्या तुमच्याकडे आल्या ना? सोमवारी रंगारी येतायत. लॅब आधी करायची आहे. ते कपाटं ओढून बाहेर काढतील, तुम्ही फक्त उघडून द्या."

ओढून.

मी हो म्हणाले. हो म्हणून फोन ठेवला आणि ओट्याला धरून उभी राहिले.

आता तुम्हाला एक गोष्ट सांगते जी तुम्हाला कधीच सांगितली नाही. त्या दिवशी तुम्ही विचारलंत, उघडलीस का? मी म्हणाले, नाही. ते अर्धं खरं होतं. मी उघडायचा प्रयत्न केला होता. बाटली आपटल्यावर मी पदराने झाकण धरून फिरवून बघितलं होतं. ते घट्ट होतं. मी आणखी जोर लावला, अगदी दात ओठ खाऊन. पक्कड आणावी म्हणून ड्रॉवर उघडला, तेवढ्यात घंटा झाली आणि मी वर्गावर गेले. नंतर विसरले. ती घंटा अर्ध्या मिनिटाने उशिरा झाली असती तर काय झालं असतं, याचा मी गेल्या दोन महिन्यांत रोज विचार केला, आणि तुम्ही समोर बसून मला काफी देत होतात तरी तुम्हाला सांगितलं नाही. तुम्ही मला माफ केलं असतंत. त्याचीच भीती वाटायची.

शनिवारी सकाळी मी शाळेत गेले. हेमंतला सांगितलं की पेपर तपासायचेत. खरं मनात काय होतं ते ऐका. मी मोठी कापडी पिशवी घेतली होती, आत जुना टॉवेल. बाटली टॉवेलमध्ये गुंडाळायची, हळू चालत जायचं, आणि कूवम नदीच्या पुलावरून खाली सोडायची. कुणाला कळणार नाही. रंगारी कपाट ओढतील, रिकामं निघेल. लेबल फाडून टाकायचं. मला जूनमध्ये कायम करतील. तुमचं नाव स्वच्छ राहील, असंही मी स्वतःला सांगितलं, जसं काही मी तुमच्यासाठीच ते करत होते.

प्रयोगशाळेचं कुलूप उघडलं. आत वाफ कोंडलेली. मुलांच्या वह्या तशाच टेबलांवर, त्या दिवशी टाकून गेलेल्या. मी कपाटापर्यंत गेले. किल्ली लावली. आणि माझा हात थरथरायला लागला, साधा नाही, असा की किल्ली कुलपात खडखडली. तो आवाज ऐकून मी गोठले. माझ्या हातात ही बाटली द्यायची? या हातात? पुलापर्यंत नुंगंबाक्कमचा अख्खा रस्ता आहे. बसस्टॉप आहे, देवळाबाहेर फुलवाल्या बसतात, शनिवारची गर्दी. मी हे लोकांच्या मधून नेणार होते, पिशवीत, टॉवेलमध्ये.

मी किल्ली तशीच ठेवून मागे सरले. खोलीबाहेर आले, कुलूप लावलं, आणि एचेमच्या ऑफिसात गेले.

बाटलीचं ऐकून एचेम आधी हसल्या. "गंधकच असेल मिस. लेबल आहे म्हणता ना?"

"लेबल मी लावलंय."

"मग?"

"मला माहीत नव्हतं आणि मी लावलं."

मग त्यांनी दार बंद केलं. तुमच्यासारख्याच पांढऱ्या पडल्या. राव मॅडमनी सांगितलं का नाही, विचारलं. मी सांगितलं की त्या सांगायला निघाल्या होत्या, मी पदर धरून थांबवलं. पेपर, पालक, मॅनेजमेंट, सगळं त्यांनी एकामागून एक काढलं, मी काढलं होतं त्याच क्रमाने. सुट्टी आहे, गुपचूप कुणाला तरी देऊन टाकू म्हणाल्या. मी म्हणाले, "मॅडम, तुम्ही नाही केलात तर फोन मी करते. इथून नाही तर रस्त्यावरून." माझा आवाज चिरका झाला होता. मी वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी पहिल्यांदा कुणाला असं बोलले. त्यांनी फोन उचलला.

पोलिसांचं बॉम्ब पथक दुपारी आलं. साहेब वयस्कर होते, फार शांत. कपाटाजवळ एकटे गेले, दोन मिनिटांत बाहेर आले, आणि सगळ्यांना गेटबाहेर काढा म्हणाले. आजूबाजूच्या दोन इमारतीही रिकाम्या केल्या. मग त्यांनी मला इंग्रजीत विचारलं, "कुणी हलवली? आपटली? झाकण फिरवायचा प्रयत्न कुणी केला?"

एचेम बाजूला उभ्या होत्या. मी म्हणाले, "हलवली मी. आपटली मी. फिरवलं मी."

त्यांनी लिहून घेतलं. लिहिता लिहिता एकदा माझ्या हातांकडे बघितलं.

त्यांनी ती कशी बाहेर आणली ते मला दिसलं नाही. मैदानाच्या मधोमध खड्डा खणला होता, भोवती वाळूची पोती रचली होती; बाटली त्यात ठेवून दुरून दोरीने धक्का देणार होते. आम्ही रस्त्यापलीकडे उभे होतो, एचेम, मी, वॉचमन, आणि सेल्वी, जी सुट्टीतही भांडी घासायला आली होती. ऊन मरणाचं होतं. मनात मी एकच घोकत होते की गंधक असू दे, गंधक असू दे. सगळ्यांसमोर माझं हसं होऊ दे, नोकरी जाऊ दे, पण काही होऊ नये, आवाज होऊ नये.

आवाज झाला. मोठा नव्हता, अक्का. दिवाळीतल्या मोठ्या फटाक्यापेक्षा थोडा जास्त. पण तो छातीत लागला. समोरच्या इमारतीच्या काचा खणाणल्या आणि सगळे कावळे एकदम उडाले. थोडी धूळ भिंतीवरून वर आली. एवढंच. साहेब गेटमधून बाहेर आले, टोपी काढून घाम पुसला आणि म्हणाले की बरं केलंत.

एचेम देवाचं नाव घ्यायला लागल्या. मला मात्र एकच वाटलं की तुमचं बरोबर होतं, आणि हे तुम्हाला सांगायला तुम्ही नाही.

मग सेल्वीने माझी बाही ओढली. ती तमिळमध्ये हळू बोलली, मला समजावं म्हणून एकेक शब्द तोडून. "मिस, ती पिवळी बाटली का? वरच्या फळीवरची? तांब्याच्या तारेशेजारची?"

मी हो म्हणाले.

"ती मी रोज सकाळी उचलून पुसायचे, मिस. धूळ बसते म्हणून. झाकण जास्त घासायचे. तिथं पिवळं पिवळं काहीतरी लागलं होतं, ते जातच नव्हतं."

तिने स्वतःची बोटं माझ्यासमोर धरली, मग स्वतःच त्यांच्याकडे बघत राहिली. घरी तिला दोन मुली आहेत. मी तिचे हात धरले. सोडावेसे वाटेनात. दोन महिने आपण मुलांसाठी भ्यालो, अक्का. नोकरीसाठी भ्यालो, एकमेकींसाठी भ्यालो. त्या अकरा सकाळी सेल्वी एकटी त्या कपाटासमोर उभी होती, आणि तिच्यासाठी भ्यायचं आपल्या दोघींनाही सुचलं नाही.